‘कृपया एकच प्रकार लिहावा’

(एका श्रवणमंडळाच्या मासिक बैठकीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

रसिकहो,

निवेदकांनी माझी ओळख करून देताना ‘अष्टपैलू’ हा शब्द वापरला, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, कारण विषयाला हात घालायला मला काहीतरी निमित्त शोधावे लागणार होते, ते त्यांनी आयतेच हातात दिले. आपल्याकडे हा शब्द दोन तऱ्हेच्या माणसांना मिळतो. एक क्रिकेटपटू, ज्याच्याकडून फलंदाजीही हवी असते आणि गोलंदाजीही. आणि दुसरा तो, ज्याला नेमके कशासाठी बोलावले आहे हे बोलावणाऱ्यालाच सांगता येत नाही. मी आयुष्यभर ॲम्प्लिफायर दुरुस्त केले आणि तरुणपणी गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवली, तेव्हा मी कोणत्या गटात मोडतो हे आपण ओळखले असेलच. आज मात्र मला बोलायचे आहे ते खऱ्याखुऱ्या अष्टपैलू वादकाबद्दल, आणि त्याहीपेक्षा त्याच्या एकाच ध्वनिमुद्रिकेबद्दल. माझे म्हणणे असे आहे की जिला सगळे ‘अनेक शैलींची’ म्हणतात, ती ध्वनिमुद्रिका मुळात एकाच शैलीची आहे, आणि ती शैली वादकाच्या उजव्या हातात आहे. हे मी शेवटी वाजवून दाखवणार आहे. गिटार त्यासाठीच आणली आहे. ती पाहून मी गाणार आहे अशी भीती पहिल्या रांगेने बाळगू नये.

ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘८८ एल्मायरा स्ट्रीट’. वादक अमेरिकन गिटारवादक डॅनी गॅटन. इलेक्ट्रा या मोठ्या अमेरिकन कंपनीने ती १९९१ मध्ये काढली, तेव्हा गॅटन पंचेचाळीस वर्षांचा होता, आणि वॉशिंग्टन शहरातल्या त्याच्या लहानपणच्या घराचा पत्ता हेच त्याने तिचे नाव ठेवले. तीत अकरा रचना आहेत आणि गायक कोणी नाही. पहिलीच ‘फंकी मामा’ ही मुळात बिग जॉन पॅटन या ऑर्गनवादकाची, म्हणजे धुराने भरलेल्या क्लबात हॅमंड ऑर्गनवर वाजायची तसल्या जॅझची. तिच्यामागून गॅटनच्या स्वतःच्या गल्लीच्या नावाची बुगी, म्हणजे धावत्या खर्जावरची नाचरी चाल, येते, आणि मग ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे दर्दभरे संगीत. चौथी ‘क्वाएट व्हिलेज’ लेस बॅक्स्टरने रचलेली आणि मार्टिन डेनीने १९५९ साली गाजवलेली, म्हणजे सोफ्यावर बसल्या बसल्या दक्षिण समुद्रातल्या बेटांवर नेणारी, पक्ष्यांच्या हाकांसकट येणारी ती जुनी चाल. पुढे ‘इन माय रूम’ हे बीच बॉइज या कॅलिफोर्नियाच्या पोरांचे हळवे गाणे, आणि त्याला लागूनच ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्रमालिकेचे शीर्षकसंगीत. ती मालिका डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली होती आणि डॅनी एल्फमनने केलेली तिची धून त्या वेळी अगदी ताजी होती. आपल्याकडे एखाद्या सतारवादकाने गंभीर मैफलीत दूरदर्शनच्या मालिकेचे शीर्षकगीत छेडावे, तसा हा प्रकार. शेवटची ‘स्लायडिन होम’, तारांवरून घसरत घसरत घरी पोचणारी.

तिसऱ्या रचनेचे नाव ‘ब्लूज न्यूबर्ग’ आहे, आणि ही कोटी समजायला मला काही वर्षे लागली. अमेरिकेत ‘लॉब्स्टर न्यूबर्ग’ नावाचा शेवंडांचा एक पदार्थ करतात, त्यात साय, अंड्याचा बलक आणि मद्य पडते; आणि गॅटन मेरीलँडमधल्या ज्या गावी शेतघरात राहत होता त्या गावाचे नावही न्यूबर्गच. म्हणजे गावही झाले, ताटही झाले आणि सूरही झाले. इथल्या मालवणी मंडळींना शेवंडात साय घालण्याची कल्पना सहन होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून पुढे जातो.

आता माझी तक्रार. आयोजकांनी मला बजावले आहे की ती दोन मिनिटांत आटपावी, पण तक्रार विषयाला धरूनच आहे, किंबहुना तीच विषय आहे.

काही वर्षांपूर्वी मोठे घर सोडून मुलाकडे राहायला जाताना मी माझा सगळा संग्रह, म्हणजे तबकड्या, कॅसेटी आणि सीड्या, एका संस्थेला दिला. संस्थेचे नाव घेत नाही, कारण तिचे तीन पदाधिकारी दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि माणसे भली आहेत, चहाही आलं घालून देतात. संस्थेने प्रत्येक वस्तूची नोंद करण्यासाठी एक तक्ता केला होता. त्यात कलाकार, वाद्य, कंपनी, वर्ष असे रकाने होते आणि सातवा रकाना होता ‘संगीतप्रकार’. संग्रह दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी मी सहज गेलो आणि आपली मुलगी सासरी कशी नांदते आहे हे बघावे तसे एकेक कप्पा बघत निघालो, तर ‘८८ एल्मायरा स्ट्रीट’ मला सापडली ती ‘बालसंगीत’ या कप्प्यात. तिच्या डावीकडे बडबडगीते होती आणि उजवीकडे ससा आणि कासव यांची गोष्ट, पार्श्वसंगीतासह.

मी चौकशी केली. सूची करणाऱ्या तरुणाने शांतपणे सीडीची मागची बाजू दाखवली आणि सातव्या ओळीवर बोट ठेवले. अकरा नावांपैकी त्याच्या ओळखीचे ते एकच होते. ‘सिम्पसन्स म्हणजे कार्टून ना, काका?’ या प्रश्नाला ‘हो’ याशिवाय दुसरे प्रामाणिक उत्तर नाही.

बदलासाठी लेखी अर्ज लागतो, म्हणून मी अर्ज केला आणि प्रकार लिहिला ‘जॅझ’. पंधरा दिवसांत बदल झालाही, तेवढे श्रेय मी संस्थेला देतो. पण घरी आल्यावर माझीच झोप उडाली. ‘इन माय रूम’ जॅझ कसे? बुगीचे काय? ज्या रचनेत नुसता ब्लूज आहे ती जॅझच्या कप्प्यात गेली तर ब्लूजवाल्यांनी माझ्या नावाने खडे फोडावेत की नाही? मग दुसरा अर्ज केला आणि त्यात सातव्या रकान्यात रचनाक्रमाने अकराही प्रकार लिहिले. जागा पुरेना म्हणून ‘सोबत जोडपत्र पाहावे’ असे लिहून फुलस्केपचा एक कागद टाचणीने लावला. तो अर्ज परत आला. वर तांबड्या शाईत शेरा होता : ‘कृपया एकच प्रकार लिहावा.’

तिसऱ्या अर्जात मी ‘गिटार’ असे लिहिले. त्यावर उत्तर आले की गिटार हे वाद्य असून प्रकार नव्हे, आणि वाद्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. हे उत्तर तर्काला धरून आहे. ते बिनचूक होते म्हणूनच मला जास्त लागले. अखेर मी ग्रंथपालबाईंना प्रत्यक्ष भेटलो. त्यांनी सीडी ऐकली होती, पूर्ण ऐकली होती, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण अर्ज फेटाळणाऱ्या किती माणसांनी ऐकण्याची तसदी घेतलेली असते? त्या म्हणाल्या, ‘वाजवतो छान हो, पण तुम्हीच सांगा, हे एक ना धड, भाराभर चिंध्या असं नाही का?’

मला तिथे उत्तर सुचले नाही. मला कधीच वेळेवर सुचत नाही. घरी आलो, जेवलो, अंथरुणावर पडलो, अंगावर आईच्या हातची गोधडी ओढली आणि मग सुचले. गोधडी चिंध्यांचीच असते. लुगड्याचा काठ, धोतराचा तुकडा, कोणाच्या तरी परकराचे कापड, एकाचा रंग दुसऱ्याला मेळ खात नाही. तरी तिला कोणी चिंध्या म्हणत नाही, कारण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच हाताचा धावदोरा गेलेला असतो. गॅटनचा धावदोरा कोणता, एवढाच आजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मी, पुन्हा सांगतो, वाजवून दाखवणार आहे.

सीडी सध्या ‘इतर’ या कप्प्यात आहे. तिच्या शेजारी पक्ष्यांच्या आवाजांची एक तबकडी, एका लष्करी बँडची कॅसेट आणि टंकलेखनाचे धडे आहेत. ‘क्वाएट व्हिलेज’मधल्या पक्ष्यांना निदान शेजार तरी मिळाला.

आपण हसलात, पण विचार करा, इलेक्ट्रा कंपनीच्या लोकांपुढे हाच तक्ता असणार. अमेरिकेतल्या तबकड्यांच्या दुकानांतही कप्पेच असत, आणि गिऱ्हाईक कप्प्यापाशी जाई, वादकापाशी नव्हे. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमी पारितोषिकांत गॅटनला नामांकन मिळाले ते रॉकच्या वाद्यसंगीत गटात, तिथे त्याच्यासमोर रश आणि येस यांच्यासारखे बडे ताफे होते, आणि पारितोषिक गेले एरिक जॉन्सनच्या ‘क्लिफ्स ऑफ डोव्हर’ला. ती रचना मलाही आवडते, त्यामुळे निकालाबद्दल माझे भांडण नाही. माझे भांडण सातव्या रकान्याशी आहे, ज्यात परीक्षकांनाही ‘रॉक’ असा एकच शब्द लिहावा लागला. १९९३ मध्ये इलेक्ट्रानेच गॅटनची ‘क्रूझिन ड्यूसेस’ काढली, या वेळी त्यात गाणारे लोक होते, आणि त्यानंतर कंपनीचा आणि त्याचा संबंध संपला.

त्याआधी १९८९ च्या मार्चमध्ये ‘गिटार प्लेयर’ मासिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतले होते आणि जगातला सर्वांत थोर अज्ञात गिटारवादक अशा अर्थाचे बिरूद दिले होते. मासिकाच्या मुखपृष्ठावर छापलेला माणूस अज्ञात कसा, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. त्याहून मौज अशी की हे बिरूद आधीच वापरलेले होते. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर रॉय ब्युकॅनन या गिटारवादकावर एक माहितीपट झाला, तेव्हा त्यालाही असेच अज्ञात म्हणून सुप्रसिद्ध करण्यात आले होते. आणि हे दोघे वॉशिंग्टनच्या परिसरातले, शिवाय साठच्या दशकाच्या मध्यावर नॅशव्हिलमध्ये एकाच घरात राहिलेले. एका छपराखाली दोन-दोन थोर अज्ञात! त्या घराच्या मालकाने भाडे कोणाच्या नावाने लावले असेल, देव जाणे.

असा वादक घडतो कसा, हे दोन शब्दांत सांगायला हवे. गॅटनचे वडील रिदम गिटार वाजवत असत आणि संसारासाठी त्यांनी ते सोडले. मुलाने नवव्या वर्षी गिटार हातात घेतली. लेस पॉल या गिटारवादकाच्या ध्वनिमुद्रणांवर तो पोसला, म्हणजे एकाच माणसाने स्वतःवर स्वतःचाच थर चढवत जाण्याची जी करामत लेस पॉलने केली होती ती त्याच्या कानांत भिनली, आणि मधल्या काळात तो बँजोही शिकला. हा बँजो लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. वॉशिंग्टन हे शहरही असे की तिथे दक्षिणेतले कंट्री आणि ब्लूग्रास, म्हणजे तिकडचे ग्रामीण संगीत आणि त्याचा बँजोवरचा वेगवान प्रकार, खालून वर येते आणि उत्तरेतले जॅझ वरून खाली येते. तिथल्या बारमध्ये रोज रात्री वाजवून पोट भरणाऱ्याला समोरच्या टेबलाने जे मागितले ते वाजवावेच लागे.

यात आपल्यापैकी अनेकांना ओळखीचे काही वाटले असेल. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी नेमके हेच केले. सकाळी वॉल्ट्झ, दुपारी रुंबा, संध्याकाळी भजनामागचे व्हायोलिन, आणि पडद्यावरच्या नामावलीत नाव नाही. मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक आमान्सियो डिसिल्वा याने तर लंडनला जाऊन १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ नावाची ध्वनिमुद्रिका केली. तीत ‘अ स्ट्रीट इन बॉम्बे’ आहे आणि ‘जॉइस कंट्री’ही आहे, म्हणजे मुंबईतला एक रस्ता आणि आयर्लंडमधला एक मुलूख एकाच तबकडीवर. त्याच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे, आणि ते मी द्यायला तयार आहे हे आयोजकांनी टिपून घ्यावे. मी स्वतः एका रात्रीत कोळीगीत, भक्तिगीत, कॅबरे आणि हवाईयन पद्धतीने एक जुने भावगीत वाजवलेले आहे, आणि मध्यंतरात बंद पडलेला मायक्रोफोनही जोडून दिला आहे. पाकीट देताना ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला ‘अष्टपैलू’ म्हटले. पाकिटात एकाच पैलूचे पैसे होते.

पण माझ्यात आणि गॅटनमध्ये जो फरक आहे तोच मुद्दा आहे, आणि त्यासाठी आधी त्याची गिटार बघितली पाहिजे. फेंडर कंपनीची टेलिकास्टर हे दिसायला अगदी रांगडे वाद्य आहे. १९५० मध्ये ती ‘ब्रॉडकास्टर’ नावाने आली आणि दुसऱ्याच वर्षी तिचे नाव बदलले. आत पोकळी नाही, एक भरीव फळी, तिला चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली मान, तारांचा कंप विजेत बदलणारे दोन पिकअप, दोन गोल बटणे आणि एक खटका. आमच्या दुकानात अशी गिटार दुरुस्तीला आली की आम्ही म्हणायचो, हिच्यात बिघडण्यासारखे आहेच काय? गॅटनची गाजलेली टेलिकास्टर १९५३ सालची होती. तिच्या मूळ पिकअपमध्ये एकेरी वेटोळे असल्यामुळे घरातल्या ट्यूबलाइटचीसुद्धा गुणगुण तिच्यातून ऐकू येते; जो बार्डन या कारागिराने त्याच्यासाठी दोन पात्यांचे असे पिकअप केले की गुणगुण गेली पण धार राहिली. हे वाक्य बोलायला सोपे आहे. ज्यांनी कधी पिकअपची तार गुंडाळली आहे त्यांना विचारा, गुणगुण मारताना धारही मरते आणि मग गिटार सर्दी झाल्यासारखी बोलते. १९९० मध्ये फेंडरने त्याच्या नावाची टेलिकास्टरही बाजारात आणली.

त्याच्या वादनाच्या ज्या चित्रफिती आज सहज बघायला मिळतात त्यांत एक खेळ हमखास दिसतो. तो बिअरची बाटली घेतो, गिटारच्या मानेवर वरच्या अंगाने धरतो आणि तारांवरून घसरवत वाजवू लागतो. बाटली भरलेली असते, ती फेसाळते, बिअर तारांवर सांडते, सगळी मान ओली होते. मग तो एक टॉवेल उचलतो आणि मान पुसू लागतो. पुसता पुसता टॉवेल मानेवरच राहतो, त्याच्याखाली बोटे दिसेनाशी होतात, आणि सूर मात्र पहिल्याइतकेच स्वच्छ येत राहतात. लोक बाटलीला टाळ्या वाजवतात. मी ती फीत पहिल्यांदा बघितली तेव्हा मीही बाटलीकडेच बघत होतो. चौथ्यांदा बघताना माझे लक्ष दुसऱ्या हाताकडे गेले. डावा हात बाटली धरतो, टॉवेल धरतो, सर्कस करतो, आणि या सगळ्या गोंधळात उजवा हात जसाच्या तसा असतो. त्या हाताची लय, तारेला टेकण्याची जागा, आघाताचा जोर, कशातही फरक पडत नाही.

निवेदकांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘सात मिनिटे’. मघाशी पाठवलेली चिठ्ठी मला मिळाली नाही, असे मी मानतो. असो. जे सांगायला आलो ते आता भरभर सांगतो, आणि माझ्या तक्रारीने वेळ खाल्ला याबद्दल क्षमा मागतो, जरी मनातून मला तसे वाटत नसले तरी.

हा माझा उजवा हात. अंगठा आणि तर्जनी यांच्यात पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, धरलेली आहे. बहुतेक वादक इथेच थांबतात, उरलेली तीन बोटे वाऱ्यावर असतात. गॅटन मधले बोट आणि अनामिका यांनी तारा छेडतो, त्याच वेळी पिकही चालूच असते. आता ऐका. पिक, मधले, अनामिका, पिक, मधले, अनामिका, हा झाला बँजोचा फेर, ब्लूग्रासवाल्यांचा. हाच फेर थोडा सैल केला आणि पिकने खालच्या तारेवर चालता बास ठेवला की झाली बुगी. आता फेर फिरवायचा नाही, तिन्ही एकदम ओढायचे, म्हणजे पट्टीवर बोटे दाबल्यासारखा पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एका क्षणी उठतो, आणि हा झाला ‘फंकी मामा’तला ऑर्गन. पिकने झंकारला तर कॉर्ड वरून खाली ओघळतो. ऑर्गनवादक कधी ओघळत नाही, म्हणून हा भास इतका खरा वाटतो. आणि टेलिकास्टरवर आवाजाचे बटण करंगळीच्या टप्प्यात असते. आधी आवाज शून्य, तार छेडायची, मग करंगळीने बटण फिरवायचे, म्हणजे आघात ऐकूच येत नाही आणि सूर व्हायोलिनसारखा हवेतून उगवतो. कंट्रीवाल्यांच्या पेडल स्टीलचा, म्हणजे पायाने पट्ट्या दाबत वाजवायच्या आडव्या गिटारचा, भास होतो तो असा. माझी करंगळी आता पूर्वीसारखी वळत नाही, त्यामुळे माझा सूर उगवण्याऐवजी उसळला, पण कल्पना यावी.

म्हणजे ऑर्गन, बँजो, स्टील, व्हायोलिन ही सगळी सोंगे एकाच हाताच्या एकाच मांडणीतून निघतात. प्रत्येक शैलीसाठी त्याने वेगळा हात शिकून घेतलेला नाही. मी तसे केले होते. कोळीगीताला मी एका तऱ्हेने पिक धरायचो, कॅबरेला दुसऱ्या, आणि म्हणून माझ्या चिंध्या चिंध्याच राहिल्या. त्यातच त्याच्या साथीला ठरलेली माणसे आहेत, बासवर जॉन प्रेविटी, ड्रमवर शॅनन फोर्ड, सॅक्सोफोन आणि कळफलकांवर बिल होलोमन, त्यामुळे अकराही रचनांची जमीन एकच राहते. आता हा धावदोरा सगळीकडे सारखा बसला आहे असे मी म्हणणार नाही. ‘सिम्पसन्स’मध्ये तो जरा मिरवतो, ‘मदरशिप’ मला आजही ओढूनताणून केलेली वाटते, आणि ग्रंथपालबाईंच्या म्हणण्यात या दोन ठिकाणी तथ्य आहे हे मी कबूल करतो.

कोणी विचारेल की एका कप्प्यात बसून त्याला वाजवता येत होते का? येत होते. १९९२ मध्ये ब्लू नोट या जॅझच्या कंपनीसाठी ‘न्यूयॉर्क स्टोरीज’मध्ये रॉय हारग्रोव्ह, जोशुआ रेडमन, बॉबी वॉटसन अशा पक्क्या जॅझवाल्यांच्या पंगतीत तो बसला, आणि १९९४ मध्ये जोई डिफ्रान्सेस्को या ऑर्गनवादकाबरोबर ‘रिलेंटलेस’ केली, ज्यात गिटारने ऑर्गनचे सोंग घ्यायचे आणि समोर खराखुरा ऑर्गन, असा सामना आहे. दोन्ही ऐकाव्यात. मला मात्र या दोन्हींत तो पाहुण्याच्या घरी नीट मांडी घालून बसलेला वाटतो, आणि ‘एल्मायरा स्ट्रीट’वर तो स्वतःच्या घरात आहे.

४ ऑक्टोबर १९९४ रोजी न्यूबर्गच्या त्या शेतघरी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. तो एकोणपन्नास वर्षांचा होता. कप्प्यांनी त्याचा बळी घेतला असे म्हटले तर माझ्या व्याख्यानाला ते फार सोयीचे होईल, पण माणसाच्या मनात काय चालले होते ते बाहेरच्याने ठरवू नये, आणि मी ठरवणार नाही. त्याच्या मागे त्याच्या आईने, नॉर्मा गॅटन यांनी, त्याची जुनी ध्वनिमुद्रणे एनआरजी या घरच्याच छोट्या कंपनीतून बाहेर आणली.

दुसरी चिठ्ठी आली आहे, तिच्यावर आकडा नाही, नुसते उद्गारचिन्ह आहे. सभागृहाच्या शिपायाने खुर्च्या मोजायला सुरुवात केलेली दिसते. मी ‘इन माय रूम’ लावतो, साडेचार मिनिटे मागे-पुढे होतील. पडदे ओढले तर बरे. या रचनेत वेग काहीच नाही, तेव्हा लक्ष द्यायचे ते फक्त कॉर्ड कसा उठतो इकडे. तिन्ही सूर एकदम येतात की ओघळत येतात ते बघा, आणि मग मघाचा ऑर्गन आठवा. ज्यांना पुढे कधी सवडीने ऐकायची असेल त्यांच्यासाठी सांगतो की ही सीडी मी संस्थेतूनच नोंद करून आणली आहे आणि शनिवारी दुपारपर्यंत परत करायची आहे. त्यानंतर ती जागेवर मिळेल : ‘इतर’, खालून दुसरा कप्पा, टंकलेखनाच्या धड्यांच्या डावीकडे.